बाहेर बसलेला गडी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. सावरगावची मंडळी पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, पांढुर्ण्याची मंडळी तो तोडून आणायला उतरतात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काही वर्षी माणसं जिवानिशी गेली आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, पण ते कुणी स्वीकारले नाहीत. डोकं फुटलेला माणूस चंडीमातेच्या देवळातला अंगारा जखमेला लावतो आणि पुन्हा पात्रात उतरतो. त्याच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण लागलं तरी मैदान सोडायचं नाही, ही शिकवण गोटमारीपुरती राहत नाही. ती कबड्डीच्या मैदानावर येते आणि तिथे आमच्या पोरांचे गुडघे घालवते.

खरं तर बाहेर बसणं कबड्डीइतकं कोणताच खेळ शिकवत नाही. गडी बाद झाला की रेषेबाहेर जाऊन बसतो. आपल्या संघाने समोरचा गडी मारला की हा जिवंत होतो, आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने आत येतात. बसलेल्याचं परतणं पूर्णपणे सोबत्यांच्या हातात असतं. खेळाडूला हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. फक्त तिथलं बसणं दोन-चार मिनिटांचं, आणि गुडघ्याने बसवलं की नऊ महिन्यांचं.

हे होतं कसं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. चढाई करणारा परत फिरतो तेव्हा त्याचा एक पाय जमिनीत रोवलेला असतो आणि धड दुसरीकडे वळतं. त्याच क्षणी कुणी मांडी धरली किंवा घोट्याला हात घातला तर सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. आत दोन स्नायुबंध एकमेकांना छेद देत असतात. त्यांतला पुढचा, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटतो. अनेकांना ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो. मातीवर पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो, म्हणून मातीतून मॅटवर गेलेल्या पोराने पाय टाकण्याची सवय बदलायला हवी. मुलींना या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो.

संध्याकाळपर्यंत गुडघा सुजतो. मग मालिश सुरू होते. तेल गरम करून गुडघा रगडणं, ‘नस चढली’ म्हणून पाय ओढणं, हे प्रकार ताज्या दुखापतीवर करू नयेत. आतला रक्तस्राव आणि सूज त्याने वाढू शकते. पंधरा दिवसांनी सूज उतरते, पोरगं चालायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, बरा झाला. पण उतारावर, जिन्यावर, बागेतल्या सरीत पाय टाकताना गुडघा अचानक दगा देतो. हीच खूण ओळखायची. डॉक्टर गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात. ती सैल आली की संशय पक्का होतो आणि एमआरआयसाठी बहुतेकांना नागपूरची वाट धरावी लागते.

शस्त्रक्रियेत तुटलेल्या बंधाच्या जागी बहुधा मांडीच्या मागच्या बाजूची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन बसवतात. संत्र्याच्या मुलखात हे समजावायला फार कष्ट पडू नयेत. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरला की तो लगेच फळाचं वजन पेलत नाही, त्याला जीव धरू द्यावा लागतो. गुडघ्यातलं कलमही तसंच. त्यात फसवं हे की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणं जवळजवळ थांबतं आणि नेमका तेव्हाच नवा बंध सगळ्यात कच्चा असतो. पोरगं म्हणतं, मला काही होत नाही. प्रशिक्षक म्हणतात, पुढच्या आठवड्यात सामने आहेत. नॉर्वेच्या हेगे ग्रिन्डेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतीचा एकेक महिना लांबवला तसा पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे ५१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही पुढे आली. दुखऱ्या पायाची मांडी धडधाकट पायाच्या मांडीइतकी ताकदवान होण्याआधी जे परतले, त्यांना धोका जास्त होता. म्हणजे नुसतं कॅलेंडर बघून भागत नाही.

यावर कुणीही क्रिकेटपटू स्मृती मानधनाचं उदाहरण देईल आणि ते द्यायलाच हवं. सांगलीच्या या मुलीचा एसीएल जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत तुटला. जूनमध्ये ती विश्वचषकात उतरली, इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या आणि पुढच्याच सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. पण तिच्या मागे रोज पाय तपासणारी माणसं होती, आणि सलामीच्या फलंदाजाचे पाय कुणी पकडून ओढत नाही. आमच्या पोराने तिच्याकडून जिद्द घ्यावी, तारखा घेऊ नयेत.

कबड्डीतलंच उदाहरण हवं तर अस्लम इनामदारचं घ्या. त्याच्या कर्णधारपदाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली. पुढच्या हंगामात मध्येच गुडघ्याच्या दुखापतीने तो बाहेर बसला आणि संघ उरलेले सामने त्याच्याशिवाय खेळला. त्यानंतरच्या, २०२५ च्या हंगामात तो पुन्हा कर्णधार होता आणि पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली.

शरीराचं इतकं. मनाचं बोलणं आमच्याकडे होतच नाही. सावनेर तालुक्यातल्या वलनी खाणीच्या वस्तीतून आलेला वेगवान गोलंदाज उमेश यादव डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला दुसऱ्या डावात गोलंदाजी करताना पोटरी धरून थांबला. चौथं षटकही पुरं झालं नाही. त्याच्या जागी संघात नटराजन आला आणि ब्रिस्बेनला आपली पहिली कसोटी खेळला. १९ जानेवारी २०२१ ला भारताने ती कसोटी आणि मालिका जिंकली, तेव्हा उमेश मैदानावर नव्हता. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण बाहेर बसलेल्या कुठल्याही खेळाडूला विचारा, आपल्या जागी आलेला पोरगा चांगला खेळला की आनंद होतो आणि त्याच आनंदात काहीतरी टोचतं. त्या टोचण्याची लाज वाटते, म्हणून तो मैदानाकडे फिरकणंच सोडतो. फोन उचलत नाही. व्यायाम चुकवतो. मांडी बारीक होत जाते आणि संघात कुणाच्या ते लक्षातही येत नाही. माझ्या मते गुडघ्याइतकंच नुकसान इथे होतं, आणि ते टाळायला पैसे लागत नाहीत.

त्याला काम द्या. ‘बस, बघ’ म्हणू नका, काय बघायचं ते सांगा. समोरचा डावा कोपरा घोट्याला जाण्याआधी कोणता पाय मागे घेतो? साखळी कुठल्या हाताशी सुटते? आपला चढाईपटू बोनस मारायला जातो तेव्हा समोर सहा गडी आहेत का, तिसरी चढाई कोणती, तीस सेकंदांतले किती उरले? आत खेळणाऱ्याला हे दिसत नाही. जो रोज आत होता त्याला बाहेरून पहिल्यांदाच दिसतं. मध्यंतरात त्याला दोन मिनिटं बोलू द्या. सकाळच्या सरावाला त्याला बोलवा. सगळे मैदानाला फेऱ्या मारतील तेव्हा त्याने कडेला बसून फिजिओथेरपिस्टने दिलेला मांडीचा व्यायाम करावा. आणि नव्या पोराला चढाई शिकवायचं काम त्याच्याचकडे द्या. टोचणं त्यानेच कमी होतं.

दिवाळीनंतर गावोगावी सामने सुरू होतील. पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या मंडळांना माझी विनंती आहे: संघाच्या यादीत दुखापतग्रस्त खेळाडूचं नाव ठेवा, डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय त्याला उतरवू नका, आणि बक्षिसाच्या रकमेतला एक वाटा त्याच्या एमआरआयसाठी नि फिजिओथेरपीसाठी काढून ठेवा.