दुनळी बंदुकीस नळ्यांचा दुसरा जोड

परवान्याची दुनळी बंदूक बाळगणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांकडे ती वडिलार्जित असते. अशा बंदुकीचा कुंदा व चाप धड असतात, परंतु नळ्या आंतून गंजून त्यांस खड्डे पडलेले असतात. मग कोणी तरी सुचवितो कीं, नळ्यांचा दुसरा जोड घ्या म्हणजे बंदूक नवी होईल. मध्यंतरीं आमच्या एका परिचितांनीं असा जुना जोड मिळवून आम्हांस दाखविला. बंदूक खटकन् मिटली आणि ते आनंदानें म्हणाले, "बसला!" आम्ही रिकामी बंदूक उघडून नळ्यांच्या मागच्या तोंडाशीं पातळ कागदाची पट्टी ठेवली व बंदूक पुन्हां मिटली. पट्टी ओढतांच सहज निघून आली. बसणें निराळें आणि जुळणें निराळें, हें त्या पट्टीनें सांगितलें. तोच भेद येथें स्पष्ट करण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम रचना पाहूं. दुनळी बंदूक उघडतांना नळ्या एका आडव्या खिळीवर फिरतात. नळ्यांच्या पोटाखालीं पोलादी ठोकळे असतात. पुढच्या ठोकळ्याची अर्धगोल खांच त्या खिळीवर बसते, आणि मिटतेवेळीं धडांतील अडसर ठोकळ्यांच्या खांचांत शिरून नळ्या जखडतो. त्या वेळीं नळ्यांचें मागचें तोंड धडाच्या उभ्या भिंतीस पूर्णपणें टेकलें पाहिजे. साधारण १२ बोअरच्या काडतुसास युरोपीय प्रमाणांत जो कमाल दाब मान्य आहे तो दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ७५० किलोग्राम इतका आहे. नळी व भिंत यांच्यामध्यें फट राहिली तर प्रत्येक बाराला काडतुसाचें बूड मागें आदळतें, सांधा अधिकाधिक ढिला होतो, आणि एखादें बूड फाटल्यास तप्त वायु नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे फेंकला जातो. डोळा जाण्यास एवढें पुरे आहे.

जुन्या बंदुकांचें प्रत्येक धड कारागिरानें हातानें कानशीनें घांसून तयार केलेलें असे. म्हणून एकाच कारखान्याच्या दोन बंदुकांच्या नळ्याहि एकमेकींस जशाच्या तशा लागत नाहींत. नवा जोड बसवितांना कुशल कारागीर ठोकळ्यांवर व नळ्यांच्या तोंडावर दिव्याची काजळी धरतो, बंदूक मिटून उघडतो, आणि जेथें काजळी पुसली गेली तेथेंच किंचित् घांसतो. हें शेंकडों वेळां करावें लागतें. आधीं खिळीची खांच, नंतर मागचें तोंड, मग अडसराच्या खांचा, असा क्रम ठेवावा लागतो. त्यानंतर काडतूस बाहेर खेंचणारा भाग व पुढची लांकडी मूठ जुळवावी लागते. ठोकणी काडतुसाच्या टोपीच्या मध्यावर पडते कीं नाहीं, हेंहि पाहावें लागतें. एकदां अधिक घांसलें गेलेलें पोलाद परत येत नाहीं; घाईच्या हातांत हें काम देऊं नये तें याचसाठीं.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या घराची. १२ बोअरच्या जुन्या विलायती नळ्यांत हें घर बहुधा ६५ मिलिमीटर असतें, तर आजचीं साधारण काडतुसें ७० मिलिमीटरचीं असतात. काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. यामुळें लांब काडतूस आंखूड घरांतहि बिनतक्रार जातें. बार उडतांना मात्र त्याचें तोंड नळीच्या अरुंद भागांत उघडतें आणि दाब वाढूं शकतो. दुसरा जोड २० बोअरचा असेल तर याहून मोठा धोका आहे. २० बोअरचें काडतूस १२ बोअरच्या नळींत पुढें सरकून अडकतें, मागून १२ बोअरचें काडतूसहि बसतें, आणि बार होतांच नळी फुटते. म्हणून दोहों जोडांचीं काडतुसें एका खिशांत कधींहि ठेवूं नयेत. तसेंच जुन्या पिळाच्या लोखंडी नळ्या काळ्या दारूसाठींच तपासलेल्या असूं शकतात. नळ्यांवर बिनधुराच्या दारूच्या चांचणीची खूण नसेल तर आजचें काडतूस त्यांत घालूं नये.

घरच्या घरीं परीक्षा करावयाची ती अशी. बंदूक रिकामी असल्याची दोन वेळां खात्री करावी. पुढची मूठ काढून कुंदा घट्ट धरावा व मिटलेल्या नळ्या आडव्या हालवून पाहाव्या. त्या हालतां कामा नयेत. सांधा उजेडापुढें धरावा. फटींतून प्रकाश दिसतां कामा नये. या परीक्षेंत जोड उतरला तरी तो निर्दोष ठरत नाहीं. नापास झाला तर मात्र तो निश्चित सदोष होय. पुढें कारागिरानें ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळांत दोन्ही नळ्यांचे छर्रे कसे पडतात हें दाखवावें, म्हणजे दोन्हींचा नेम एका जागीं येतो कीं नाहीं तें कळतें.

कायद्याचीहि जाणीव असावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदुकीचे भाग हेहि बंदूकच समजले जातात, आणि परवान्यावांचून बंदूक दुरुस्त करण्याचा धंदा करतां येत नाहीं. नळी आंखूड करण्यासहि निराळा परवाना लागतो. म्हणून जोड ताब्यांत घेण्यापूर्वीं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी, आणि काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावें. गांवच्या लोहाराकडे कदापि देऊं नये.

शेवटीं एवढेंच. जोड महाग पडत असेल तर बंदूक काडतुसांशिवाय कुलपांत ठेवावी आणि राखणीस कुंपण, दिवा व माणूस यांवर भिस्त ठेवावी. एका हंगामाचें नुकसान पुढच्या हंगामीं भरून येतें. गेलेला डोळा येत नाहीं.