नळापर्यंतची चढण

पाणी जड असते. हजार लिटर पाणी एक टन भरते आणि ते 367 मीटर वर चढवायला, पंपात काहीच वाया जात नाही असे धरले तरी, एक युनिट वीज लागते. शहराच्या पाण्याला किती वीज लागणार, हे त्यामुळे बरेचसे चढ-उतारावर ठरते.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचावर आहे. कावेरीचे पाणी तिथे सुमारे 100 किलोमीटरवरून, तीन टप्प्यांत जवळपास 500 मीटर चढवून आणतात. पंपांतली घट धरली की हजार लिटरमागे दोनेक युनिटे खर्ची पडतात. भारतात वीज मुख्यतः कोळशावर बनते. एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मुंबईचे नशीब चांगले. 1892 साली पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे आणि वैतरणेचे पाणी उतारावरून आपल्याच वजनाने शहराकडे येते. भातसेचे पाणी मात्र पिसे आणि पांजरापूर इथे पंपाने उचलावे लागते. समुद्राचे पाणी गोडे करायचे तर हजार लिटरला तीन ते चार युनिटे लागतात, म्हणून तो मार्ग धरण्याआधी फुटक्या जलवाहिन्या दुरुस्त करणे केव्हाही शहाणपणाचे. गळून गेलेल्या पाण्याबरोबर ते उचलायला लागलेली वीजही मातीत जाते.

वापरलेल्या पाण्याचा हिशेब निराळाच. मलशुद्धीकरण केंद्रात जिवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअर रात्रंदिवस चालतात, आणि केंद्राची निम्मी किंवा त्याहून अधिक वीज बहुधा तेच खातात. शिवाय मैला हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. सेप्टिक टँक, तुंबलेली गटारे, नाले, सगळीकडे हेच घडते. सांडपाण्यातल्या नायट्रोजनपासून नायट्रस ऑक्साइडही बनतो; शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापदायक आहे. केंद्रातला मिथेन बंद टाकीत धरला तर त्यावर तिथलीच यंत्रे चालवता येतात. न धरणे हे दुहेरी नुकसान आहे.

पण सर्वांत मोठा खर्च बहुधा न्हाणीघरातच होतो. 15 लिटरची बादली 20 अंशांनी तापवायला गिझर सुमारे 0.35 युनिट घेतो. तेवढेच पाणी कावेरीतून बंगळूरपर्यंत चढवायला 0.03 युनिट पुरते. गच्चीवरच्या सौर बंबाने गिझरची बरीचशी वीज वाचते.