उधळ्या, चिकट, बेशिस्त: पैशाबद्दलचे काही पक्के गैरसमज

पैशाच्या वागण्यावरून आपण माणसाला फार लवकर नाव देऊन टाकतो. हा उधळ्या, तो चिकट, तिच्या हातात पैसा टिकत नाही, त्यांना हिशेबच कळत नाही. नाव एकदा चिकटलं की चौकशी संपते. खरं तर चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी. पैशाचे निर्णय घेताना मनात काय चालतं यावर गेल्या चार-पाच दशकांत भरपूर संशोधन झालं आहे आणि आपल्या बऱ्याच समजुती त्यात टिकलेल्या नाहीत.

गैरसमज: आकडेमोड पक्की असेल तर पैशात चूक होत नाही

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की तेवढ्याच रकमेचा फायदा आणि तोटा मनाला सारखा लागत नाही. छापा-काट्यात हरल्यावर १०० रुपये द्यायचे असतील, तर जिंकल्यावर किती मिळाले तर खेळाल? बहुतेक माणसं २०० च्या आसपास मागतात. शंभर गेल्याचं दुःख भरून काढायला दोनशेचा आनंद लागतो.

शेअर बाजारात हे रोज दिसतं. वर गेलेला शेअर ‘आहे तो नफा पदरात पाडून घेऊ’ म्हणून विकला जातो आणि खाली गेलेला ‘मुद्दल सुटलं की बाहेर पडू’ म्हणून वर्षानुवर्षं सांभाळला जातो. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्येच या सवयीची नोंद केली होती. शेअर हातात आहे तोवर तोटा कागदावरचा वाटतो. विकला की तो कबूल करावा लागतो.

आपल्या देशातला पुरावा सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. माणशी सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. मला त्यातली दुसरी नोंद जास्त काळजीची वाटते. लागोपाठ दोन वर्षं तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जण तरीही खेळत राहिले. तोट्याचा आकडा त्यांना वाचता येत होता. गेलेलं परत मिळवण्याची ओढ त्या आकड्याला पुरून उरली.

गैरसमज: गरिबाला पैशाची शिस्त नसते, म्हणून तो गरीब राहतो

हा गैरसमज सगळ्यात जास्त इजा करतो. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ साली आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला एक भाग तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर होता. उसाचा पैसा वर्षातून एकदा, तोड झाल्यावर येतो. त्यामुळे तोच माणूस तोडीआधी ओढाताणीत असतो आणि तोडीनंतर सुटा होतो. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी बुद्धीच्या आणि अवधानाच्या चाचण्या दिल्या. तोडीआधी घरातल्या वस्तू गहाण पडलेल्या होत्या, कर्जं जास्त होती, आणि चाचण्यांतले गुणही ठळकपणे कमी होते. प्रत्येकाची तोड वेगवेगळ्या महिन्यांत आल्यामुळे हा फरक हवामानाचा किंवा हंगामाचा आहे असंही म्हणता येत नव्हतं.

माणूस तोच, शिक्षण तेच, संस्कार तेच. बदलली होती ती फक्त चणचण. डोक्यात सतत ‘आज कुणाला काय द्यायचंय’ चालू असेल तर बाकीच्या विचाराला जागा उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. यावर पुढे वाद झाला, तेही सांगायला हवं. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर कमी उत्पन्नाच्या लोकांची तपासणी करणाऱ्या २०१६ च्या अभ्यासात बुद्धीच्या चाचण्यांत असा फरक आढळला नाही. मात्र पगाराआधी लोक उद्याच्या मोठ्या रकमेपेक्षा आजच्या छोट्या रकमेकडे जास्त झुकतात, हे तिथेही दिसलं. चणचणीचा परिणाम नेमका कुठे आणि किती होतो, याबद्दल मतभेद आहेत. गरिबीचं खापर स्वभावावर फोडायला मात्र दोन्हींपैकी एकाही अभ्यासात आधार नाही.

सांगली-कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत उसाच्या बिलावर वर्ष काढणाऱ्या घरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते थकतात तेव्हा नुकसान व्याजापुरतं राहत नाही. त्या दिवसांत घेतलेला प्रत्येक निर्णय ताणाखाली घेतलेला असतो.

गैरसमज: भावना बाजूला ठेवल्या की निर्णय बरोबर येतो

मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासियो यांनी एका रुग्णाची हकिकत लिहून ठेवली आहे. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यावर त्याची बुद्धी, स्मरणशक्ती, भाषा शाबूत होती. भावना मात्र बोथट झाल्या होत्या. तो थंड डोक्याने उत्तम निर्णय घेईल असं कुणालाही वाटेल. घडलं उलटं: क्षुल्लक निवडीतही तो अडकून पडे, आणि धंद्यात त्याने सगळी पुंजी घालवली. काय महत्त्वाचं हे ठरवायला भावना लागतात.

धोका असतो तो न ओळखलेल्या भावनेचा. २००८ मध्ये सिंथिया क्रायडर, जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी काही जणांना दुःखद दृश्य दाखवलं, काहींना साधं, आणि मग पाण्याच्या एका बाटलीला किती द्याल असं विचारलं. दुःखी झालेल्यांनी जवळपास चौपट किंमत द्यायची तयारी दाखवली. त्या दृश्याचा परिणाम झाला का, असं विचारल्यावर ते नाही म्हणाले. वाईट दिवसानंतर रात्री अकरा वाजता मोबाइलवर मागवलेल्या वस्तूंकडे या नजरेने पाहावं.

गैरसमज: जोखीम घेणं रक्तातच असावं लागतं

उल्रिके माल्मेंडियर आणि स्टेफान नागेल यांनी २०११ मध्ये दाखवलं की ज्या अमेरिकनांच्या आयुष्यात शेअर बाजाराने वाईट काळ दाखवला, ते पुढेही बाजारापासून लांब राहतात. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. बापाचा पगार थांबलेला ज्या मुलांनी पाहिला, त्यांनी पुढे पोस्ट आणि एफडीपलीकडे पाहिलं नाही, तर त्याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

गैरसमज: रुपया तो रुपया

बाजारात असेल, मनात नाही. रिचर्ड थेलर यांनी दाखवलं की आपण पैशाला मनातल्या मनात वेगवेगळी नावं देतो: पगाराचा, बोनसचा, लग्नाचा, सणाचा. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत डाळीच्या डब्यांतून आणि साड्यांच्या घडीतून बाहेर आलेल्या नोटा अशाच नाव दिलेल्या होत्या, आणि त्या नावामुळेच टिकल्या होत्या. हीच सवय उलटते, ती क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर वाढत असताना ‘मुलीच्या लग्नाची’ सात टक्क्यांची एफडी मोडवत नाही तेव्हा.

गैरसमज: बचत हा निश्चयाचा प्रश्न आहे

थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका अमेरिकन कंपनीत आजच्या पगारातून जास्त बाजूला काढायला तयार नसलेल्या कामगारांना दुसरा मार्ग दिला. पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातला काही भाग आपोआप बचतीत वळू दे, एवढी संमती आज द्या, असं सुचवलं. हातात येणारी रक्कम कमी होत नसल्यामुळे तोटा झाल्यासारखं वाटत नाही. सहभागी झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कुणाचाही स्वभाव बदलला नव्हता. आपल्याकडे पगारातून परस्पर कापला जाणारा पतपेढीचा हप्ता याच तत्त्वावर चालतो. भिशीही, कारण चार ओळखीच्यांसमोर हप्ता चुकवायची लाज वाटते; मात्र तिथे पैसा ज्याच्या हाती जमतो त्याच्या सचोटीपलीकडे हमी नसते.

ज्यांना महिन्याचा पगारच नाही, त्यांच्यासाठी अशी सोय कुणी केलेली दिसत नाही. उसाच्या बिलातून विकास सोसायटीचं कर्ज परस्पर वळतं होतं. कापून घेण्याची ती यंत्रणा तयार आहे, रुळलेली आहे. शेतकऱ्याने बिल येण्याआधी लेखी संमती दिली, तर त्याच बिलातून एक छोटी रक्कम पुढच्या तोडीआधीच्या दोन-तीन महिन्यांसाठी त्याच्याच नावावर बाजूला ठेवता येईल. वसुलीसाठी जे जमतं, ते बचतीसाठी न जमण्याचं कारण मला दिसत नाही.