तान्हं बाळ दूध सोडतं तेव्हा



वासरू कासेला लागेनासं झालं की आपण रात्रीतून दोनदा गोठ्यात जाऊन पाहतो. पण घरात आठ दिवसांचं बाळ दूध ओढत नसलं, तर "झोपलं असेल" म्हणून सोडून देतो. महागाव तालुक्यात कापूस वेचणीच्या घाईत तर हे सहज घडतं.

पहिल्या २८ दिवसांत नाळेतून, कातडीतून किंवा बाळंतपणाच्या वेळीच जंतू बाळाच्या रक्तात शिरू शकतात. याला जंतुदोष म्हणतात, डॉक्टर सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसासारखा ताप येईलच असं नाही, उलट बाळ गारही पडतं. घरचे फसतात ते इथेच.

आपल्या विदर्भातच गडचिरोलीला डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायांना ही ओळख शिकवली. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांमागे आधी सोळा-सतरा दगावत. घरी उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण तिनाच्या आत आलं. त्या बाया काय पाहत? आधी चांगलं रडणाऱ्या बाळाचा आवाज बारीक झाला का? आधी ओढून पिणारं बाळ दूध सोडतंय का? बाळ मलूल पडलंय का? पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, नाळेला पू आलाय, बाळ कण्हतंय किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते का? अशा दोन खुणा एकत्र दिसल्या की त्या जंतुदोष धरत. तुम्ही मात्र एकीवरही थांबू नका. पारखणं डॉक्टरांचं काम आहे.

यात "आधी" हा शब्द महत्त्वाचा. जन्मतःच न रडलेलं बाळ सुस्त असेल, तर कारण गुदमरणं असू शकतं. दवाखाना त्यालाही लागतोच. धनुर्वातात बाळ ढिलं पडत नाही, ताठ होतं, तोंड उघडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी हलकी कावीळ बहुधा आपोआप जाते. पहिल्याच दिवशी आली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर थांबू नये. पिऊन झाल्यावर थोडं दूध बाहेर आलं आणि बाळ खेळतंय, तर काळजी नाही.

थंडीत उघडं राहिलेलं बाळही गार आणि सुस्त होतं. त्याला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून वर पांघरूण घ्या. वैशाखात दुपट्यात गच्च गुंडाळलेलं बाळ तापतं, त्याचे कपडे सैल करा. पण ऊब मिळूनही दूध ओढत नसेल, किंवा कपडे सैल करूनही अंग कढतच असेल, तर वाट पाहू नका. काखेत थर्मामीटर ९९.५ च्या वर किंवा ९५.९ च्या खाली दाखवतो का पाहा. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा.

नाळेला राख, शेण, तेल लावू नका. पोट फुगलं म्हणून डाग तर मुळीच देऊ नका. त्या जखमेतून जंतूंना आणखी एक वाट मिळते.

आशाताई घरी येतात तेव्हा बाळ उघडून दाखवा. खूण दिसली तर रात्र असली तरी १०२ किंवा १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळाचा उपचार फुकट आहे. वाटेत बाळ छातीशी धरा, ओढत असेल तर पाजत राहा. ओढत नसेल तर तोंडात बळेच काही ओतू नका.