कोंबड्या खुराड्यात जात नाहीत? रात्री बॅटरी घेऊन बघा!

आज मला खुराड्यातल्या तुसाविषयी बोलायचं आहे. विषय साधा वाटेल, पण या तुसापायी आमच्या गटात एका बाईवर उगाच आळ आला होता. तो आळ घेणाऱ्यांत मीही होते, म्हणून आधी तेच सांगते.

आमच्या गटातल्या एका काकूंनी कर्ज काढून 20 कोंबड्या घेतल्या. सुरुवातीला रोज दहा-बारा अंडी मिळायची आणि हप्ताही वेळेवर यायचा. पावसाळा सरता सरता अंडी चार-पाचवर आली. हप्ता दोनदा थकला. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "अंडी परस्पर विकत असतील." मीही वही उघडून सगळ्यांसमोर त्यांना हिशेब विचारला. काकू काही बोलल्या नाहीत. नुसता पदर सारखा करून बसल्या.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दिवस मावळला तरी कोंबड्या खुराड्यात जाईनात. निम्म्या तर शेवग्यावर चढून बसल्या होत्या. काकू म्हणाल्या, "महिना झाला, अशाच करतात. आणि माझ्या हातांना रात्री नुसती खाज सुटते. पित्त उठलंय वाटतं." आम्ही बॅटरी घेऊन खुराड्यात वाकलो. कोंबड्या बसतात त्या दांडीखाली करडी धूळ दिसली. ती धूळ चालत होती!

मैत्रिणींनो, ते होते रक्त पिणारे बारीक किडे. आपल्याकडे कुणी त्यांना पिसवा म्हणतं, कुणी लाल उवा. खरं तर ते गोचिडाच्या जातीतले, आठ पायांचे. आकार एक मिलिमीटरपेक्षाही कमी. उपाशी असले की करडे दिसतात, रक्त प्यायले की लाल. दिवसा ते कोंबडीच्या अंगावर सापडत नाहीत. दांडीच्या खाचेत, फळ्यांच्या फटीत, अंड्यांच्या दुरडीत आणि तुसात दडून बसतात. रात्री बाहेर येतात, रक्त पितात आणि परत जाऊन लपतात. म्हणून दिवसा कोंबडी कितीही चाचपली तरी आपल्याला काही कळत नाही.

ओळखायचं कसं?

कोंबडीचा तुरा फिक्का पडतो. अंडी कमी होतात, कधी अंड्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. खुडुक कोंबडी अंडी सोडून उठते. कोंबड्या रात्री चुळबुळ करतात, खुराड्यात जायला नाखूष असतात. खात्री करायची तर रात्री दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं घासा. फडक्यावर लाल रेघ उमटली, तर ते कोंबडीचंच रक्त. पण हिरवट हगवण, मान वाकडी होणं, पटापट मरतूक असं काही दिसलं तर तो वेगळा आजार आहे. तेव्हा वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

काय करायचं?

सकाळी लवकर कामाला लागा. अंगात पूर्ण बाह्यांचं काही घाला, नाकाला रुमाल बांधा. कोंबड्या बाहेर सोडा आणि सगळं तूस काढा. कोपऱ्यातलं मूठभरही ठेवू नका. इथे आमची पहिली चूक झाली. काढलेलं तूस आम्ही खुराड्यामागेच टाकलं, आणि आठ दिवसांत किडे परत आले. हे किडे रक्ताशिवाय कित्येक महिने जगू शकतात. त्यामुळे खुराडं महिनाभर रिकामं ठेवूनही भागत नाही. तूस प्लॅस्टिकच्या गोणीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि कडक उन्हात काही दिवस ठेवा. आतल्या उष्णतेने किडे मरतात. मग ते घरापासून लांबच्या खतखड्ड्यात टाका.

नंतर दांड्या काढा. जुन्या खराट्याच्या काडीने फटी खरवडा. उकळतं पाणी फटीफटीत ओता, पण त्या वेळी पोरांना लांब ठेवा. जाळ लावायच्या फंदात पडू नका, पेंढ्याचं छप्पर पेटायला वेळ लागत नाही. सगळं उन्हात खडखडीत वाळवा. मोठ्या फटी मातीने लिंपा आणि आतून चुना मारा. दांडीच्या दोन्ही टोकांना जुनं तेल चोपडा, किडे त्यात गुदमरतात. दुरडीतला पेंढा बदला आणि दुरडीही उन्हात टाका.

आता महत्त्वाचं. हे काम एकदा करून संपत नाही. गरम हवेत आठवड्याभरात अंड्याचा किडा होऊन तो पुन्हा अंडी घालायला लागतो. म्हणून पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी फटी परत तपासा आणि उकळतं पाणी ओता. बहुतेक जणी पहिल्या सफाईनंतर थांबतात आणि म्हणतात, उपाय लागू पडला नाही.

कोंबड्यांसाठी एका जुन्या घमेल्यात चाळलेली चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. त्या त्यात लोळतात, पिसं झाडतात, अंगावरचे किडे गळून पडतात. कडुनिंबाच्या तेलाचा थोडा उपयोग होतो, पण सफाई केल्याशिवाय तेल एकटं पुरत नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. शेतात फवारायचं औषध खुराड्यात मारू नका. त्याने कोंबड्या मरतात, आणि विष अंड्यातून आपल्या पोरांच्या ताटात येतं. औषध लागलंच तर पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. किती पाण्यात किती घालायचं आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे दोन्ही विचारून घ्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

नवं तूस दोन-तीन इंच जाड पसरा आणि आठवड्यातून दोनदा वरखाली करा. मूठभर तूस दाबून बघा. गोळा झाला तर ओल आहे, तेवढं काढून टाका. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, म्हणजे ते तुसात सांडत नाही. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. दुसऱ्याचं डालगं किंवा गोणी उन्हात तापवल्याशिवाय आत घेऊ नका. खुराड्याच्या वळचणीला चिमण्यांचं रिकामं घरटं असेल तर काढा, किडे तिथूनही येतात. आणि महिन्यातून एकदा रात्री ते पांढरं फडकं फिरवाच.

काकूंच्या खुराड्याचं काम आम्ही चौघींनी मिळून केलं. महिन्याभराने तुरे लाल झाले. अंडी हळूहळू दहावर आली आणि थकलेले हप्तेही फिटले. काकूंच्या हाताची खाजही गेली. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोरच काकूंची माफी मागितली, कारण हिशेबही सगळ्यांसमोरच विचारला होता. त्या हसून म्हणाल्या, "वहीत बघण्याआधी खुराड्यात बघायचं होतंस गं."

तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे. कोंबड्यांच्या कर्जाचा हप्ता थकला, तर आधी दोघींनी बॅटरी घेऊन त्या घरी जायचं. हिशेब नंतर. तुमच्याही गटात असा नियम करून बघा. आणि आज रात्री झोपायच्या आधी खुराड्यात एकदा डोकावून या.