लग्नाची जुनी सीडी नव्या टीव्हीवर इतकी धुरकट का दिसते?

नवा मोठा टीव्ही घरात आला की पहिल्याच आठवड्यात कपाटातल्या जुन्या सीड्या बाहेर निघतात. लग्न, मुंज, बारसं, एखादं आवडतं नाटक. आणि मग हिरमोड! चेहरे धुरकट, कडा करवतीसारख्या, शालूवरची जर म्हणजे नुसते पिवळे चौकोन. "सीडी खराब झाली" नाहीतर "टीव्हीच फालतू निघाला" असा निकाल लगेच लागतो. मंडळी, बहुतेक वेळा दोन्ही चूक असतं. चित्र तेव्हाही एवढंच होतं, फक्त जुना टीव्ही ते झाकून घ्यायचा.

आकडे बघा. आपल्याकडच्या व्हीसीडीत चित्र असायचं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे एकूण जेमतेम १ लाख ठिपके. डीव्हीडीत ७२० बाय ५७६, साधारण ४ लाख. फुल एचडी पडद्यावर मात्र २० लाखांहून जास्त आणि फोरके पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. पडदा पूर्ण भरायचा तर व्हीसीडीच्या एका ठिपक्याच्या जागी फोरके टीव्हीला ८० च्या वर ठिपके दाखवावे लागतात. ते आणायचे कुठून? शेजारचे रंग बघून टीव्ही अंदाजाने भरतो.

जुन्या डबा टीव्हीत असे मोजून आखलेले ठिपके नव्हते. इलेक्ट्रॉनचा झोत ओळींमागून ओळी रंगवत जायचा आणि प्रत्येक ओळीची कड जराशी पसरट असायची. त्यात चौकोन विरघळून जायचे. शिवाय २१ इंची डब्याचा पडदा सुमारे १७ इंच रुंद, ५५ इंची टीव्हीचा ४८ इंच. सोफा मात्र आहे तिथेच!

पण व्हीसीडीची खरी फजिती होते ती अक्षता पडताना. व्हीसीडीत चित्रासाठी सेकंदाला फक्त १.१५ मेगाबिट एवढीच माहिती मावते. एवढ्यात भागवायचं म्हणून प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं जात नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं, तेवढंच बहुतांशी लिहिलं जातं. नवरा-नवरी अंतरपाटाआड स्तब्ध उभे असतात तोवर निभावतं. 'शुभमंगल सावधान' झालं की शेकडो दाणे हवेत, सगळ्यांचे हात वर, वर फोटोग्राफरचा फ्लॅश. एका क्षणात सगळंच बदललं! माहितीची जागा तेवढीच, मग चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. म्हणजे ज्या क्षणासाठी सीडी लावली, नेमका तोच सगळ्यात वाईट दिसतो. हे चौकोन डिस्कवरच कोरलेले असल्यामुळे महागातला टीव्हीही ते पूर्ण पुसू शकत नाही.

सिनेमाच्या डीव्हीडीचं तसं नाही. एका डिस्कवर एकच सिनेमा नीट भरलेला असेल तर ती आजही फुल एचडी टीव्हीवर बघण्यासारखी दिसते. तीन सिनेमे एकाच डीव्हीडीत कोंबले असतील तर मात्र व्हीसीडीचीच गत.

तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आधी चित्राचा आकार ४:३ करा. जुनं चित्र रुंद पडद्यावर ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने जाड दिसतो आणि निम्मी तक्रार तिथेच असते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. मग 'शार्पनेस' कमी करा. वाढवलं की चित्र स्पष्ट होईल असं वाटतं, पण त्याने चौकोनांच्याच कडा उठून दिसतात. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीऐवजी प्लेअरला एचडीएमआय असेल तर ती वापरा, कारण पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात आणि पुन्हा वेगळे करताना चित्र मळतं. आणि सोफा थोडा मागे घ्या, हा फुकटचा उपाय सगळ्यात गुणकारी आहे.

"जुनी सीडी फोरके करून देतो" या जाहिरातींपुढे मात्र जरा थांबा. डिस्कवर नसलेले बारकावे कोणीही परत आणू शकत नाही. संगणक ते नव्याने रचतो. झाडाची पानं रचली तर बिघडत नाही, पण गर्दीतला आजीचा चेहरा १५-२० ठिपक्यांचाच असेल तर रचलेला चेहरा आजीचाच असेल याची खात्री नाही. हौस म्हणून करा, पण मूळ डिस्क फेकू नका.

त्याआधी एक काम: डिस्क वाचता येतेय तोवर ती जशीच्या तशी कॉपी करून घ्या. घरी किंवा स्टुडिओत 'राइट' केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन-उष्णतेने तो खराब होतो. संगणकावर व्हीसीडीतल्या 'डॅट' फाइल किंवा डीव्हीडीतलं अख्खं फोल्डर उतरवा. लहान करू नका, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलू नका.

आणि फोटोग्राफरने तेव्हा सीडीबरोबर छोटी मिनी डीव्ही कॅसेट दिली असेल तर माळा धुंडाळाच. तिच्यात चित्र ७२० बाय ५७६ चं असतं आणि माहिती सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे व्हीसीडीच्या २० पटींहून जास्त. ती चालवायला जुना कॅमेरा शोधावा लागेल, पण अक्षता त्या कॅसेटमध्ये दाणा-दाणा दिसू शकतात.