मेंदू भाड्याचा, चावी घरची

वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांसाठी १९९८ साली संगणक केंद्रं उभी राहिली, तेव्हा ‘वायर्ड व्हिलेज’ हे नाव देशभर गाजलं. ऊस किती गेला, वजन किती भरलं, याची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पण गावोगावचे संगणक सांभाळणं महागात पडत होतं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी तिथल्या सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. त्यांनी गावातल्या संगणकाचं काम साध्या मोबाइलवर आणलं. शेतकरी एसएमएस पाठवायचा, तो एका मध्यवर्ती संगणकाकडे जायचा आणि तो संगणक नोंदी चाळून उत्तर धाडायचा. २००७ साली त्यांचा निबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की नवी पद्धत जुनीपेक्षा स्वस्त होती, सोयीची होती आणि शेतकऱ्यांना जास्त पसंत पडली.

त्या प्रयोगातला मधला संगणक म्हणजे आजच्या ‘एलएलएम प्रॉक्सी’चा, म्हणजे वापरणारे आणि मोठी भाषा मॉडेलं (एलएलएम) यांच्या मध्ये बसणाऱ्या यंत्राचा, गावाकडचा पूर्वज. भाषा मॉडेलं वापरू पाहणाऱ्या छोट्या गावांनी आधी विचार करायचा तो या मधल्या यंत्राचा, असं माझं मत आहे. मॉडेल कोणतं घ्यायचं, हा प्रश्न नंतरचा.

वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात धनज आहे. सोयाबीन, तूर, कपाशीचा हा मुलूख. समजा, उद्या धनजच्या शाळेला गणिताची उदाहरणं तयार करायला, ग्रामपंचायतीला अर्जांचे मसुदे लिहायला आणि एखाद्या शेतकरी गटाला कीड-रोगाची माहिती सोप्या भाषेत मांडायला भाषा मॉडेल हवं आहे. बहुतेक ठिकाणी होतं असं: कोणीतरी एक जण एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडतो, कार्ड जोडतो आणि ‘एपीआय की’ घेतो. ही चावी म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. मग ती ओळ व्हॉट्सॲपच्या गटात पडते. ज्याच्या हाती ती ओळ, तो खातेदार. खर्च मात्र कार्डवाल्याच्या नावावर. महिनाअखेरीस बिल आलं की कोणी किती वापरलं, हे सांगायला कुणाकडेच वही नसते.

प्रॉक्सी इथे बाजार समितीतल्या अडत्याचं काम करतो. शेतकऱ्याला प्रत्येक व्यापाऱ्याशी ओळख ठेवावी लागत नाही. अडत्या माल घेतो, मोजतो, वहीत मांडतो आणि ज्या व्यापाऱ्याकडे सौदा पटेल त्याच्याकडे पाठवतो. फरक एवढाच की हा अडत्या गावाने स्वतःच्या यंत्रावर स्वतःच नेमलेला असतो आणि दलाली घेत नाही. खऱ्या चाव्या त्याच्या एकट्याच्या ताब्यात राहतात. शाळेला, पंचायतीला, गटाला तो वेगवेगळ्या आभासी चाव्या काढून देतो. शाळेची चावी फुटली तर तेवढीच रद्द करायची, बाकीच्यांचं काम चालू राहतं. प्रत्येक चावीला महिन्याची खर्चाची मर्यादा आणि मिनिटाला किती विनंत्या चालतील याचा लगाम लावता येतो.

कल्पना नवी नाही. वेब जन्मलं त्या सर्न प्रयोगशाळेतच १९९४ च्या सुमारास वेब प्रॉक्सी तयार झाला होता. १९९६ पासून ‘स्क्विड’ नावाचा मुक्त प्रॉक्सी जगभरच्या महाविद्यालयांत पोचला. आयआयटी मुंबईच्या वसतिगृहांत वर्षानुवर्षे ‘नेटमॉन’ या प्रॉक्सीतून गेल्याशिवाय बाहेरचं जग दिसत नसे. त्या काळी अभियांत्रिकी शिकलेल्या कुणालाही ब्राउझरमध्ये ‘३१२८’ हा पोर्ट क्रमांक भरल्याचं आठवेल. त्यावर काढलेले अपशब्दही आठवतील. तेव्हाचा प्रॉक्सी वेबपानं आणायचा, आताचा प्रश्नोत्तरांची ने-आण करतो. ‘लाइटएलएलएम’ हा आताच्या प्रॉक्सींतला लोकप्रिय मुक्त प्रकल्प. तो चालवायला जुना डेस्कटॉप पुरतो, किंवा २७ वॅटच्या अडॅप्टरवर चालणारा रास्पबेरी पाय ५. प्रॉक्सी स्वतः विचार करत नाही, फक्त निरोप पोचवतो. त्यामुळे त्याला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

आत काय घडतं, ते जरा जवळून पाहू. मांडणीच्या फाइलमध्ये तुम्ही मॉडेलांना आपली नावं देता. उदाहरणार्थ ‘शेती’ या नावामागे एखाद्या कंपनीचं मोठं मॉडेल, ‘सराव’ या नावामागे शाळेच्याच संगणकावरचं छोटं मॉडेल. शिक्षकांच्या प्रोग्रामला फक्त ‘सराव’ हे नाव ठाऊक असतं. उद्या मागचं मॉडेल बदललं तरी त्यांना काही करावं लागत नाही. हे जमतं कारण ओपनएआयने ठरवलेली संदेशांची घडण आता अघोषित प्रमाण झाली आहे: आधी सूचना, मग वापरकर्त्याचा प्रश्न, मग मॉडेलचं उत्तर, अशी ओळीने यादी.

या घडणीत बहुतेकांच्या ध्यानात न येणारी एक गोम आहे. मॉडेलला मागचं काहीही आठवत नसतं. दर प्रश्नासोबत आधीचा सगळा संवाद पुन्हा पाठवावा लागतो. प्रत्येक फेरीत सारखाच मजकूर वाढतो असं धरलं, तर दहा फेऱ्यांत दहा पट नव्हे, पंचावन्न पट मजकूर जातो: एक अधिक दोन अधिक तीन, असं दहापर्यंत. सकाळी सुरू केलेल्या गप्पा संध्याकाळपर्यंत एकाच खिडकीत चालू ठेवणारा विद्यार्थी वर्गाचं बजेट कसं खातो, ते यात आहे. प्रॉक्सीच्या वहीत हा चढ चटकन दिसतो. जुना संवाद छाटण्याचा नियम लावायची जागाही तीच.

मराठीला आणखी एक भुर्दंड पडतो. ‘धनज’ ही तीन अक्षरं यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइट घेतात. तेच नाव रोमन लिपीत सहा अक्षरांत, सहा बाइटमध्ये मावतं. मॉडेल मजकुराचे तुकडे पाडतं, त्यांना टोकन म्हणतात आणि पैसे टोकनांवर मोजतात. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं, तेव्हा ओपनएआयनेच एक तुलना दिली होती. ओळख करून देणारं एक छोटं निवेदन मराठीत जुन्या पद्धतीने ९६ टोकन घेत होतं, नव्याने ३३. इंग्रजीत ते २७ वरून २४ वर आलं. म्हणजे सुधारणा मोठी झाली, तरी तीच गोष्ट मराठीत सांगायला अजूनही टोकन जास्तच मोजावे लागतात. मॉडेल निवडताना दर टोकनचा भाव पाहून भागत नाही. मराठीचे तुकडे ते किती पाडतं, हेही पाहावं लागतं. दोन मॉडेलांना आपलेच शंभर खरे प्रश्न विचारून वहीतले आकडे ताडून पाहणं, हा त्यावरचा सरळ उपाय.

खर्च वाचवायची दुसरी जागा म्हणजे साठवण, म्हणजेच कॅश. तोच प्रश्न पुन्हा आला तर जुनं उत्तर द्यायचं. यंत्र प्रश्नाचा ठसा काढून जुळवतं आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं की ठसा बदलतो. मराठीत हे फार सहज घडतं. ‘ॲप’ हा शब्द एका कळफलकावर ‘ॲ’ या एकाच चिन्हाने उमटतो. दुसऱ्यावर ‘अ’ला ‘ॅ’ जोडून, कधी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला सारखंच, यंत्राला निराळं. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही ही दोन रूपं एक करत नाही. ती एक करण्याचा नियम आपल्याला हाताने लिहावा लागतो आणि परदेशात लिहिलेल्या कुठल्याही तयार प्रॉक्सीत तो असेलच अशी आशा धरू नये.

अर्थावरून जुळवणारी साठवणही असते. त्यात वाक्याचा आकड्यांचा नकाशा करून जवळची वाक्यं एक मानतात. ऐकायला छान आहे, पण शेतीच्या सल्ल्यात मी ती बंदच ठेवीन. ‘सोयाबीनवर खोडमाशी आली, काय करू?’ आणि ‘सोयाबीनवर चक्रीभुंगा आला, काय करू?’ ही दोन वाक्यं त्या नकाशावर शेजारी शेजारी बसतात. ‘पिवळा मोझॅक आला’ आणि ‘पिवळा मोझॅक येऊ नये’ यांचंही तसंच. मोझॅक हा पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूजन्य रोग. तो आल्यावर रोगट झाडं उपटायची असतात, येण्याआधी माशीवर लक्ष ठेवायचं असतं. एकाचं उत्तर दुसऱ्याला गेलं तर वाचलेल्या दोन पैशांपायी हंगाम हातचा जाईल. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९’ मंजूर केलं आणि कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ ॲपही आलं. गावच्या गटाने त्याला समांतर सल्लागार उभा करू नये. कीटकनाशकाची मात्रा सांगू नये, सहायक कृषी अधिकाऱ्याकडे पाठवावं, ही सूचना प्रॉक्सीनेच प्रत्येक प्रश्नाच्या आधी जोडावी. ते एका ओळीचं काम आहे.

मग मॉडेलच गावात का बसवू नये? बसवता येतं. मार्च २०२३ मध्ये गिओर्गी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरने ‘लामा.सीपीपी’ लिहिलं आणि साध्या संगणकावर मॉडेल चालू लागलं. ८ अब्ज घटकांचं मॉडेल प्रत्येक घटकाला चार-पाच बिट देऊन आवळलं की साधारण ५ गिगाबाइटचं होतं. अडचण जागेपेक्षा वेगाची आहे. एकेक टोकन काढताना ते सगळे ५ गिगाबाइट मेमरीतून एकदा वाचावे लागतात. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन पट्ट्या सेकंदाला जास्तीत जास्त ५१ गिगाबाइट देतात, म्हणजे सेकंदाला फार तर दहा टोकन. रॅमची एकच पट्टी असेल तर पाच. आरटीएक्स ३०६० कार्डची मेमरी सेकंदाला ३६० गिगाबाइट देते, म्हणून तिथे हीच कमाल मर्यादा सत्तरच्या घरात जाते. प्रोसेसर कितीही नवा असो, मेमरीची नळी अरुंद असेल तर उत्तर थेंबाथेंबानेच येतं. एका शिक्षकाला ते चालेल, तीस मुलांच्या वर्गाला नाही. शिवाय छोट्या मॉडेलांचं मराठी कामचलाऊ असतं आणि वऱ्हाडी बोलीपुढे तर ती पार गांगरतात. म्हणून दोन्ही ठेवावं: जड काम भाड्याच्या मॉडेलकडे, खासगी काम घरच्या मॉडेलकडे. कोणतं कुठे जाईल, ते प्रॉक्सी ठरवतो.

खासगीपणाबद्दल मात्र भाबडेपणा नको. प्रॉक्सी बसवला म्हणजे माहिती गावातच राहिली, असं होत नाही. प्रश्न बाहेरच्या कंपनीकडे गेला की त्यातला सगळा मजकूर गेलाच. प्रॉक्सी फार तर वाटेत आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक झाकू शकतो. तिथेही मराठीची मेख आहे: फक्त इंग्रजी 0 ते 9 शोधणारा नियम देवनागरी आकड्यांत लिहिलेला बारा आकडी आधार क्रमांक खुशाल पुढे जाऊ देतो. सातबारा, आजारपण, विद्यार्थ्यांचे गुण असलेला मजकूर घरच्या मॉडेलच्या पलीकडे जाऊच नये, अशी सक्त वाट घालावी.

आणि ती वही, जिचं मी कौतुक करतो आहे, तीच जोखमीची वस्तू आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘विझ’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना डीपसीकचा एक डेटाबेस इंटरनेटवर विनापासवर्ड उघडा सापडला. त्यात दहा लाखांहून जास्त नोंदी होत्या, लोकांचे संवाद होते आणि चाव्याही होत्या. नामांकित कंपनीचं हे, तर गावच्या शाळेचं काय? वहीत प्रश्नाचा मजकूर न ठेवता फक्त चावी, वेळ आणि टोकनांचा आकडा ठेवला तरी हिशेब पुरा होतो. मजकूर ठेवण्याचा मोह मी टाळीन.

मधला माणूस पडला की सगळंच अडतं, हीही या मांडणीची किंमत. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर ही जगातल्या असंख्य संकेतस्थळांपुढे उभी असलेली प्रॉक्सी कंपनी एका फाइलचा आकार नको तितका वाढल्याने कोलमडली आणि चॅटजीपीटीसकट बरंच काही बंद पडलं. गावच्या प्रॉक्सीला बॅटरी बॅकअप हवा आणि मांडणीच्या फाइलची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे तरी हवी. एकाच हुशार पोराला सगळं ठाऊक असेल आणि तो पुण्याला नोकरीला गेला, तर यंत्र कपाटात जातं.

हे करून पाहू इच्छिणाऱ्या कारंजा-वाशीमकडच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगतो. प्रॉक्सीचा पोर्ट राउटरमधून थेट इंटरनेटला उघडू नका. बाहेरून लागलाच तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनच्या बंद बोगद्यातून या. कंपनीच्या खात्यात आगाऊ भरलेली थोडीच रक्कम ठेवा, म्हणजे प्रॉक्सीची मर्यादा चुकली तरी नुकसान तेवढंच. आणि लाइटएलएलएमच्या माहितीपत्रकात नमुन्यादाखल ‘एसके-१२३४’ अशी मुख्य चावी छापलेली असते, ती पहिल्याच दिवशी बदला.